शाळेंतील दुसरें पुस्तक

गेल्या हिंवाळ्यांत बिबवेवाडींतील एका शाळेच्या प्रदर्शनास जाण्याचा योग आला. प्रदर्शनास ‘शोधांतून शिक्षण’ असें भारदस्त नांव दिलें होतें, आणि सहावी-सातवींतील मुलांनीं आपापले प्रकल्प टेबलांवर मांडले होते. अशा प्रदर्शनांत काय असावयाचें याची वाचकांस कल्पना आहेच. कागदाच्या लगद्याचा ज्वालामुखी होता, सूर्यमाला होती, वाळू आणि कोळसा घातलेली पाण्याची गाळणी होती. आणि एका कोपऱ्यांत, सहसा कोणाचें लक्ष जाऊं नये अशा ठिकाणीं, ‘आमच्या वाडीचें नांव’ असा एक तक्ता होता. त्यावर बिबव्याच्या झाडाचें रंगीत चित्र चिकटविलें होतें व खालीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें कीं येथें पूर्वीं बिबव्याचीं झाडें पुष्कळ होतीं, म्हणून या वाडीस बिबवेवाडी म्हणतात.

तक्त्याजवळ उभ्या असलेल्या मुलीस मीं विचारलें, “हे तुला कशावरून कळलं?”

“बाईंनी सांगितलं.”

“आणि बाईंना?”

ती घोटाळली. मग इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजांत म्हणाली, “पण आजोबा, आमच्या वर्गात एकाचं आडनाव बिबवे आहे. मग वाडीवरून त्यांचं आडनाव पडलं, का त्यांच्या आडनावावरून वाडीचं नाव? मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ते प्रकल्पात नाही घ्यायचं.”

त्या सबंध प्रदर्शनांत शोध म्हणण्याजोगी गोष्ट एवढी एकच होती, आणि ती तक्त्यावर नव्हती.

बाईंस दोष देण्याकरितां मी हें लिहीत नाहीं. भरगच्च वर्ग, ठरल्या तारखेस संपवावयाचा अभ्यासक्रम, मधून मधून येणारीं निवडणुकीचीं कामें, आणि त्यांतच हें प्रदर्शन. अशा स्थितींत एका मुलीच्या प्रश्नापायीं तक्ता अपुरा राहिला असता तर बोल कोणास लागला असता हें उघड आहे. शिवाय खरी अडचण निराळीच आहे. बाईंनीं त्या प्रश्नास उत्तेजन दिलें असतें, तरी त्यांनीं मुलीला पाठविलें असतें कोठें? हें पाहावें म्हणून मीं ग्रंथालयाची चौकशी केली. तें कार्यालयांत होतें. म्हणजे कार्यालयांतील एका लोखंडी कपाटांत होतें. कपाटावर क्रीडास्पर्धांत मिळालेल्या ढाली मांडल्या होत्या, कपाटास कुलूप होतें, आणि ज्यांच्याजवळ किल्ली ते गृहस्थ पाहुण्यांच्या चहाच्या व्यवस्थेंत गुंतले होते. मोकळे झाल्यावर त्यांनीं मोठ्या सौजन्यानें कपाट उघडून दाखविलें आणि कुलुपाचें कारणही आडपडदा न ठेवतां सांगितलें. पुस्तक हरवलें तर नोंदवहींत तूट येते, आणि तूट आली कीं ती कोणास तरी पदरची भरून द्यावी लागते. पुस्तक कोणी वाचलें नाहीं, तर मात्र नोंदवहींत कांहींच येत नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनें त्या शाळेंत कांहीं उणें आहे असेंही म्हणतां येत नाहीं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ सालीं झाला, त्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शाळेस ग्रंथालय असावें आणि त्यांत वर्तमानपत्र, मासिकें व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचीं पुस्तकें असावींत, असें स्वच्छ सांगितलें आहे. परंतु त्याच परिशिष्टांत शंभरांहून अधिक मुलें असलेल्या वरच्या प्राथमिक वर्गांस कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं अर्धवेळ शिक्षक हवेत असें म्हटलें असतां, ग्रंथपालाचें नांव कोठें नाहीं. पुस्तकें असावींत, पण तीं मुलाच्या हातीं देणारा माणूस असावा कीं नाहीं याविषयीं मौन! आणि दुसरीकडे २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षण जिज्ञासेवर व शोधावर आधारलेलें असावें असें आग्रहानें सांगतें. मुलांकडे जिज्ञासा मागावयाची आणि ती घेऊन जाण्याची जागा कुलुपांत ठेवावयाची, हा प्रकार एका शाळेपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें.

या शिक्षणपद्धतीविषयीं आपल्याकडे जणूं ती कालपरवां जन्मली असें बोललें जातें. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञानें शिकागो येथें १८९६ सालीं एक प्रायोगिक शाळा काढली, आणि त्या अनुभवावर दिलेल्या व्याख्यानांचें ‘शाळा आणि समाज’ या अर्थाच्या नांवाचें छोटेखानी पुस्तक १८९९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत शाळा कशी असावी याच्या आकृति काढल्या आहेत. एका मजल्याच्या चार कोपऱ्यांत कारखाना, विणकामाची खोली, स्वयंपाकघर आणि भोजनगृह आहेत; आणि या चोहोंच्या मध्यभागीं, सर्व बाजूंनीं उघडें, ग्रंथालय आहे. चुलीपाशीं, मागापाशीं, ऐरणीपाशीं जे प्रश्न मुलांस पडतील ते घेऊन त्यांनीं मध्यें यावें, इतरांचे प्रश्न ऐकावे, पुस्तकांत पाहावें आणि पुन्हां आपल्या कामाकडे जावें, अशी ती योजना. त्याचा अनुयायी किलपॅट्रिक यानें १९१८ सालीं प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला आणि ‘प्रकल्प’ हा शब्द जगभर गेला. त्याचें आपल्याकडे काय झालें हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं शाळा सुरू झाल्यावर आप्पा बळवंत चौकांत जरा वेळ उभें राहावें. पक्षी, वाहनें, थोर समाजसुधारक, यांच्या चित्रांचे तयार तक्ते तेथें मिळतात; कापावें, चिकटवावें, झालें. ड्यूईच्या आकृतींतील कोपरे आपण घेतले, मध्य तेवढा सोडून दिला.

हा मध्य इतका महत्त्वाचा कां? पुस्तकांत ज्ञान असतें म्हणून, असें उत्तर सामान्यतः देतात. पण ज्ञान क्रमिक पुस्तकांतही असतें, आणि आपल्या बालभारतीचीं पुस्तकें पुष्कळ अंशीं कसोशीनें तयार केलेलीं असतात हें मान्य केलें पाहिजे. माझ्या मतें कारण वेगळें आहे. क्रमिक पुस्तक एकटें असतें. त्याच्याशेजारीं त्याच विषयावरचें दुसरें पुस्तक नसतें, म्हणून त्यांत छापलेलें खरें कशावरून, हा प्रश्न उद्भवण्यास अवकाशच राहत नाहीं. ज्या क्षणीं मुलाच्या हातीं दुसरें पुस्तक येतें आणि त्यांत थोडें निराळें लिहिलेलें आढळतें, त्या क्षणीं त्याला प्रथम कळतें कीं पुस्तकें माणसांनीं लिहिलेलीं असतात. आपल्या शास्त्रकारांनीं पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्त सांगितला नाहीं. शाळेंत आपण सिद्धान्त तेवढा ठेवला आणि पूर्वपक्ष काढून टाकला. तो पूर्वपक्ष परत आणणें हें शालेय ग्रंथालयाचें काम आहे, आणि पुस्तकांची संख्या किती यापेक्षां एका विषयावर परस्परांशीं वाद घालणारीं पुस्तकें किती, हा त्याचा निकष आहे.

त्या मुलीच्याच प्रश्नाचें उदाहरण घेऊं. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशांत किंवा मोल्स्वर्थच्या कोशांत तिनें बिबवा पाहिला असता तर झाड, त्याचें फळ, त्याचें अंगावर उतणारें तेल, परटांनीं कपड्यांवर त्याच्या खुणा करण्याची जुनी रीत, हें सर्व तिला मिळालें असतें. संस्कृतांत यालाच भल्लातक म्हणतात, आणि ज्या गोडंब्या आपण लाडवांत घालतों त्या याच फळाच्या, हेंही कळून तिला मौज वाटली असती. आतां झाडाचा पक्ष बळकट झाला. पण पुण्याच्या भोंवतालच्या गांवांची यादी तिच्यासमोर ठेवली असती तर? चिंचवड, वडगांव, आंबेगांव हीं नांवें झाडांचीं दिसतात. उलट कात्रजकडची मांगडेवाडी किंवा घाटापलीकडची शिंदेवाडी हीं आडनांवांचीं. व्याकरणाकडे जावें तर तेंही निवाडा करीत नाहीं. आंबा या झाडावरून आंबेवाडी होते आणि शिंदे या आडनांवावरून शिंदेवाडी होते. दोन्हींत वाडीच्या आधीं एकारच येतो. तेव्हां बिबवेवाडीचा एकार झाडाचा कीं माणसांचा? मग पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर, जें १८८५ सालीं तीन भागांत निघालें, तें काढावें. जमिनीचे जुने कागद पाहावे. आणि अखेर वर्गांतल्या त्या बिबवे नांवाच्या मुलाच्या आजोबांकडे जाऊन बसावें. सहावींतल्या मुलीला याहून चांगला प्रकल्प कोणता हवा होता? उत्तर सांपडलेंच पाहिजे असें नाहीं. कोश, व्याकरण, दप्तर आणि वृद्धांच्या आठवणी हीं चार साक्षीदारांसारखीं असतात, आणि त्यांची साक्ष जुळते कीं नाहीं हें पाहावें लागतें, एवढें तिला कळलें असतें तरी पुरे होतें.

कोणी म्हणेल, गांवाच्या नांवावर कोणाचें काय अडलें आहे! तर अडण्यासारखें उदाहरणही जवळच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यास पूर आला आणि बिबवेवाडीला लागून असलेल्या सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत पाणी घरांत शिरून माणसें दगावलीं. एरवीं नाल्यासारखा वाहणारा ओढा असा कां वागला, हा प्रश्न त्या वर्षीं आसपासच्या प्रत्येक मुलाच्या मनांत आला असेल. भूगोलाच्या पुस्तकांत पुराचीं सर्वसामान्य कारणें आहेत. पण हा ओढा कात्रजच्या डोंगरांतून येतो, पेशवाईंत नानासाहेबांच्या काळीं त्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशीं तळें केलें गेलें, आणि पुढें त्या तळ्याच्या जागीं सारसबाग झाली, हें इतिहासाच्या पुस्तकांत सांपडावयाचें. ओढ्याला माणसांनीं पूर्वींही हलविलें होतें, हें ज्या मुलाला कळलें तें मूल नकाशा निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागेल. भूगोलाचा प्रश्न इतिहासानें पुढें नेला. हें दोन पुस्तकें शेजारीं असल्याखेरीज घडत नाहीं.

आतां त्या कपाटांतील पुस्तकांविषयीं. कारण कुलूप काढलें म्हणजे सर्व झालें असें मला वाटत नाहीं. वरच्या दोन फळ्यांवर थोर पुरुषांचीं चरित्रें होतीं, एकेकाच्या पांच-पांच प्रती. खालीं बोधकथा होत्या, त्याखालीं सामान्यज्ञानाचीं प्रश्नोत्तरें. यांतील कांहीं चरित्रें मीं चाळलीं. सर्वांचे नायक लहानपणींच सत्यवचनी व मातृभक्त. कोणाच्याही आयुष्यांत शंकेचा दिवस उगवलेला नाहीं, कोणाचाही प्रतिस्पर्धी शहाणा नाहीं, आणि लेखकास ही माहिती कोठून मिळाली याचा एका शब्दानें उल्लेख नाहीं. शेवटीं सूची तर नाहींच. ज्या पुस्तकास सूची नाहीं त्यांत मूल कांहीं शोधूं शकत नाहीं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावें आणि मान डोलवावी, एवढेंच त्याला करतां येतें. सामान्यज्ञानाचीं पुस्तकें याहून वाईट. त्यांत प्रश्न असतात, परंतु ते उत्तराच्या सोयीसाठीं मागाहून बनविलेले असतात. आमच्या बालवाङ्मयास बोधाची जी जुनी खोड आहे, तिची पुष्कळ चर्चा झालेली आहे. पण तिच्यामुळें गोष्टी रुक्ष होतात यापेक्षां तिच्यामुळें प्रश्न मिटतात ही हानि मला मोठी वाटते.

मराठींत याहून वेगळें कांहीं झालेंच नाहीं असें मात्र नव्हे. विनायक कोंडदेव ओकांचा ‘बालबोध’ १८८१ सालीं निघाला, वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ सालीं. पुण्याचें ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचें, आणि बालभारतीचें ‘किशोर’ १९७१ पासूनचें. या मासिकांचे जुने अंक एका फळीवर असते तरी त्या मुलीस निरनिराळ्या माणसांचे निरनिराळे सूर ऐकूं आले असते. आणि आणखी एक गोष्ट, जी कित्येक शिक्षकांस रुचणार नाहीं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे हा कोणी सांगितलें म्हणून विश्वास ठेवीत नाहीं. सायकल काढतो आणि स्वतः पाहून येतो. शोधवृत्ति म्हणजे काय हें या करमणुकीच्या गोष्टींनीं जितकें शिकविलें, तितकें वरच्या दोन फळ्यांनीं मिळून शिकविलें असेल असें मला वाटत नाहीं. त्या कपाटांत फेणे नव्हता. वाचला जाण्याचा, आणि म्हणून हरवण्याचा, संभव अधिक असल्यामुळें त्याला घेतला नसावा!

पुण्याला हा विषय नवा नाहीं. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. त्या निबंधाचा गाभा दुःखवर्णन हा नाहीं. तर्क हा आहे. वेद ब्राह्मणांचे आणि ते इतरांनीं पाहूंही नयेत असें जर आहे, तर आमचा ग्रंथ कोणता, आणि ग्रंथ नाहीं तर आमचा धर्म कोणता, अशी ती सरळ विचारीत जाते. एकाच ग्रंथाच्या अधिकाराखालीं वाढलेल्या समाजांत दुसऱ्या पुस्तकाची मागणी करणारा याहून स्पष्ट आवाज मला ठाऊक नाहीं. या मुक्तेनें बक्षिसाच्या वेळीं मेजर कँडींस ‘खाऊ नको, ग्रंथालय द्या’ अशा आशयाचें कांहीं म्हटलें, अशी आख्यायिका सांगतात. ती फलकांवर लिहिली जाते, भाषणांत ऐकूं येते. आख्यायिका गोड आहे. परंतु निबंध छापलेला आहे, आणि तो शाळेच्या कपाटांत असावयास हवा. त्या कपाटांत तो नव्हता, भिंतीवर आख्यायिका मात्र होती.

शाळेंत शोधास वाव दिला तर काय होतें, याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या प्रांतांत होऊन गेला आहे. मध्यप्रदेशांत होशंगाबाद येथें १९७२ सालीं विज्ञानशिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला व २००२ सालीं सरकारनें बंद केला, त्यांतील ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरें नव्हतीं. प्रयोग आणि प्रश्न होते, आणि परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा होती. त्यांत सवालीराम नांवाचें एक काल्पनिक पात्र असे. मुलांनीं आपले प्रश्न त्याला पत्रानें कळवावे आणि त्याच्या नांवानें उत्तरें यावींत, अशी व्यवस्था होती. मला या सवालीरामाचें मोठें कौतुक वाटतें. पण त्याची गरज कां पडली? प्रयोगानें सुटत नाहींत असे प्रश्न मुलांस पडतात आणि खेड्यांतल्या शाळेंत ते नेण्यास जागा नसते, म्हणून. सवालीराम हें पोस्टानें चालणारें ग्रंथालयच होतें.

अमेरिकेंतील कॅरल कुल्थाऊ या विदुषी, ज्या स्वतः शाळेंत ग्रंथपाल होत्या, त्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत विद्यार्थी एखाद्या विषयाचा शोध घेत असतां त्यांच्या मनाची अवस्था कशी बदलत जाते याचा अभ्यास केला. विषय ठरला कीं उत्साह असतो. वाचूं लागल्यावर, पुस्तकें एकमेकांशीं जुळेनाशीं झालीं म्हणजे, गोंधळ उडतो व आत्मविश्वास ढासळतो. आणि मग नेमका प्रश्न हातीं लागला कीं मन स्थिरावतें. मधला गोंधळ हा शोधाचा भागच आहे, आणि ग्रंथपालाची व शिक्षकाची खरी गरज तेथेंच असते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. आमच्याकडे नेमक्या याच टप्प्यावर कोणी तरी दयाळूपणानें उत्तर हातीं देतो. ती मुलगी बिबवे आडनांवाशीं अडखळली, म्हणजे ती अगदीं योग्य जागीं पोंचली होती.

हें उत्तर हातीं देणारे दयाळू लोक बहुतेक वेळां आपणच असतों, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या घरांत आईबाप सुशिक्षित आहेत, छपाईचें यंत्र आहे, त्या घरांत रविवारीं रात्रीं प्रकल्प बसून पुरा केला जातो आणि सोमवारीं मुलास त्याचे गुण मिळतात. गंगाधामकडच्या उंच इमारतींतलें मूल आणि अप्पर इंदिरानगरच्या दाट वस्तींतलें मूल यांना एकच प्रकल्प दिला, तर शाळेंत ग्रंथालय नसतांना आपण मुलांची परीक्षा घेत नाहीं, घरांची घेतों. पाठांतराच्या जुन्या पद्धतींत अनेक दोष होते, पण क्रमिक पुस्तक तरी सर्वांजवळ सारखें होतें. शोधाची पद्धति ग्रंथालयावांचून आणली तर ती जुन्या पद्धतीहून अधिक अन्यायी होते, हें आमच्या सुधारणावाद्यांनीं फारसें बोलून दाखविलेलें नाहीं.

फोनमध्यें सर्व मिळतें, मग कपाट कशाला, हा आक्षेप येणारच. फोनमध्यें पुष्कळ मिळतें हें खरें. केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा मराठी विश्वकोश आज कोणासही फुकट वाचतां येतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु मूल फोनला विचारतें तेव्हां त्याला बहुधा एकच उत्तर मिळतें, तेंही क्षणांत, आणि तें कोणी लिहिलें हें न कळतां. म्हणजे क्रमिक पुस्तकाचा एकटेपणा तेथेंही तसाच राहतो. ज्ञानकोश तेथें आहे हें मुलाला सांगणारा माणूस फोनमध्यें नसतो.

या प्रदर्शनानंतर कांहीं दिवसांनीं मीं महाराष्ट्र शब्दकोशाचा ब अक्षराचा खंड त्या शाळेस नेऊन दिला. किल्लीवाल्या गृहस्थांनीं तो आदरानें घेतला, नोंदवही काढली आणि विचारलें, “किंमत काय लिहू?” त्यांची सोय व्हावी म्हणून मीं कांहीं तरी आंकडा सांगितला. मधल्या सुटींत त्या मुलीला बोलाविलें. तिनें खंड टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनीं पानें उलटलीं, बिबवा काढला आणि बोट ठेवून सबंध वाचला. मग वर पाहून म्हणाली, “आजोबा, यात आडनावं कुठं आहेत?” घंटा होऊन गेली होती. किल्ली घेऊन ते गृहस्थ कपाटापाशीं उभे होते, पण त्यांनीं तिला घाई केली नाहीं.